प्रयोग करा, पण चूक झाकू नका

गेल्या महिन्यातील गोष्ट. गेवराईकडचे एक शेतकरी सकाळीच दवाखान्यात आले. बरोबर सून, चार वर्षांचा नातू आणि बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. नातवाला दोन दिवसांपासून जुलाब आणि अंगात ताप. मी मुलाला तपासले. डोळे किंचित खोल गेले होते, पण लघवी होत होती, तोंडाने पाणीही घेत होता. जलसंजीवनी कशी पाजायची ते सुनेला समजावून सांगितले, झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या. "आमच्या गल्लीत अजून चार-पाच लेकरांना असंच झालंय," ती म्हणाली. पावसाळ्यात नळाच्या पाण्याने असे होते, हे आपल्याकडे नवे नाही.

सगळे बाहेर पडले. मुलगी मात्र दारात घुटमळत राहिली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, हे माझ्यामुळं तर झालं नसंल?"

मी तिला बसायला सांगितले. तिच्या कॉलेजमधील काही विद्यार्थी मिळून एका स्पर्धेसाठी प्रकल्प करीत आहेत. जिवाणूत बाहेरून जनुक घालायचे आणि त्याच्याकडून ठरावीक काम करून घ्यायचे, असा तो प्रकल्प. दहा दिवसांपूर्वी तिच्या हातून जिवाणू वाढवलेला फ्लास्क टेबलावर कलंडला. तिने रुमालाने पुसून घेतले आणि रुमाल बॅगेत टाकला. अ‍ॅप्रनही त्याच बॅगेतून घरी आणला. प्रयोगाची वही आणि पेन घरी खाटेवर पडलेले असत आणि भाचा त्याच पेनाने रेघोट्या ओढत बसे. सरांना सांगितले का, असे विचारल्यावर तिने मान खाली घातली. आधी एका मुलाच्या हातून काही सांडले होते, तेव्हा त्याला सर्वांसमोर बोलणी बसली होती. म्हणून ती गप्प राहिली.

जिवाणू कोणता, हे मी विचारले. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात तो ई. कोलाय, के-१२ जातीचा. मी तिची समजूत घातली, की ही जात कित्येक दशके काचेच्या भांड्यांतच वाढलेली आहे, माणसाच्या आतड्यात तिला सहसा ठाणे मांडता येत नाही. गल्लीतील बाकीच्या मुलांनी तुझा अ‍ॅप्रन पाहिलेलाही नाही. भाच्याच्या जुलाबाचा तुझ्या फ्लास्कशी संबंध दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले. पण तिला मी आणखी एक सांगितले, "बेटा, तुझं अनुमान चुकलं, पण तुझी शंका चुकीची नव्हती."

फेरतपासणीला वडील एकटेच आले. मुलीने त्यांना सारे सांगितले होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीला ह्या जंतूच्या कामात राहू द्यावं, का काढून घ्यावं?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देणे मला जमले नाही. ते आज या सदरातून देतो. कारण हा प्रश्न उद्या आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत विचारला जाणार आहे.

हे शास्त्र आहे तरी काय?

सजीवाच्या पेशीत काय घडावे याचा आराखडा डी.एन.ए. नावाच्या रेणूत लिहिलेला असतो. त्यातील एक तुकडा म्हणजे जनुक. एका सजीवाचे जनुक काढून दुसऱ्यात बसवण्याची विद्या १९७० च्या दशकात माणसाला साध्य झाली. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. हवा तो डी.एन.ए. यंत्रावर तयार करून मिळतो, टपालाने येतो आणि विद्यार्थी तो जिवाणूत बसवतात. सुताराने फळ्या जोडून पेटी करावी, तसे जनुकांचे तुकडे जोडून जिवाणूकडून काम करून घ्यायचे. यालाच सिंथेटिक बायॉलॉजी किंवा कृत्रिम जीवशास्त्र म्हणतात.

हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. तुमच्या घरी मधुमेहाचे रुग्ण असतील, तर या विद्येचे फळ तुमच्या फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी ठेवलेले आहे. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेण्यात १९७८ साली यश आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाले. त्यापूर्वी गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढावे लागे. आणि आपल्या शेतातला बीटी कापूस? तोही जिवाणूचे जनुक कपाशीत घालूनच झाला. त्याला २००२ साली देशात परवानगी मिळाली.

विद्यार्थ्यांसाठी या विषयाची आयजेम नावाची जागतिक स्पर्धा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत २००३ साली एक वर्ग म्हणून ती सुरू झाली आणि २००४ साली पाच संघांत पहिली स्पर्धा झाली. आज जगभरातून शेकडो संघ येतात, त्यांत शाळकरी मुलांचेही असतात. आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेतील विद्यार्थ्यांनी तीत भाग घेतलेला आहे. या स्पर्धेचा एक कडक नियम असा, की बदललेला जीव प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नये. प्रत्येक संघाला आपण काय वापरतो आणि काय काळजी घेतो, हे लिहून द्यावे लागते.

भीती कशाची धरावी?

लोकांना वाटते, पोरे काही भलताच राक्षसी जंतू तयार करतील. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत ती भीती सगळ्यात शेवटची. खरा धोका साध्यासुध्या वाटांनी घरी येतो.

अमेरिकेत २०११ साली साल्मोनेला या जिवाणूची साथ आली. ३८ राज्यांतील १०९ लोकांना लागण झाली, एक जण दगावला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने माग काढला, तेव्हा अनेक रुग्णांचा संबंध सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांशी निघाला. त्यांत महाविद्यालयांच्या शिकवणीच्या प्रयोगशाळाही होत्या. जंतू शिकवणीसाठी विकत मिळणाऱ्या जातीचाच होता. काही रुग्ण तर लहान मुले होती. त्यांनी प्रयोगशाळेचे तोंडही पाहिले नव्हते. घरातील मोठे माणूस तेथे शिकत किंवा काम करीत होते, एवढाच संबंध. पेन, वह्या, अ‍ॅप्रन, न धुतलेले हात या वाटेने जंतू घरी पोहोचू शकतो. २०१४ साली पुन्हा अशीच साथ आली. म्हणूनच मी त्या मुलीला म्हणालो, की तुझी शंका चुकीची नव्हती. फ्लास्कमध्ये के-१२ ऐवजी साल्मोनेला असता, तर?

दुसरा धोका नाल्यातल्या नमुन्याचा. प्रकल्पासाठी मुले गटारातले पाणी, दवाखान्यामागची माती, दह्याचे विरजण असे काहीही आणतात आणि बशीत वाढवतात. बाटलीवर नाव असलेला, बिनधोक म्हणून माहीत असलेला जिवाणू वेगळा आणि अनोळखी नमुन्यातून कोट्यवधींच्या संख्येने वाढवलेला जिवाणू वेगळा. गटारात तो थोडा असतो. बशीत आपण त्याला ऊबही देतो आणि खाऊही घालतो. अशी बशी सेलोटेप लावून बंद ठेवावी. ती उघडून वास घेणे म्हणजे विंचवाच्या बिळात बोट घालण्यासारखे आहे.

तिसरा धोका मला डॉक्टर म्हणून सर्वांत जास्त सलतो. जिवाणूत नवे जनुक बसले की नाही, हे कळावे म्हणून त्याच्याबरोबर बहुधा अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुकही घालतात. मग अ‍ॅम्पिसिलिन किंवा कॅनामायसिन घातलेल्या बशीत जो वाढेल तो आपला, असा हिशेब. प्रयोगापुरते हे योग्यच आहे. पण काम संपल्यावर ते पाणी तसेच बेसिनमध्ये ओतले, तर? हे जनुक ज्या लहानशा वर्तुळाकार डी.एन.ए.वर, म्हणजे प्लाझ्मिडवर असते, तशी प्लाझ्मिडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. साध्या लघवीच्या संसर्गालाही जुन्या गोळ्या लागू पडत नाहीत, हे आम्ही रोज पाहतो. त्याला मुख्य जबाबदार आम्ही डॉक्टर, औषध दुकानदार आणि अर्धवट कोर्स सोडणारे रुग्ण आहोत, हे मी कबूल करतो. पण आगीत आणखी एक काडी कशाला टाकायची?

चौथा धोका आपल्या भागातला, तो म्हणजे जाणारी वीज. जंतू मारण्याचे यंत्र म्हणजे ऑटोक्लेव्ह, मोठा प्रेशर कुकरच म्हणा. त्यात १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सियस तापमान निदान १५ ते २० मिनिटे सलग टिकले पाहिजे. भरलेल्या पिशव्या असतील तर त्याहून जास्त वेळ लागतो. मध्येच वीज गेली आणि आल्यावर उरलेली मिनिटे मोजली, तर ते निर्जंतुकीकरण नव्हे. पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे लागते. यंत्रावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले, असेही नाही. उष्णता लागली एवढेच ती पट्टी सांगते.

मुंबईची बाटली, पंजाबचे गाव

एखादी बारीक चूक किती दूर जाते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले.

दोष कुणाचा? चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. पण बाटली उघडताना वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे ठळकपणे मांडली गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे त्यांच्यावरील डाग पुसला गेला. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

चिमटा पडणे हा गुन्हा नव्हे. माझ्याही हातून आजवर कितीतरी चिमटे पडले असतील. पडलेला चिमटा बाजूला न ठेवणे, हा दोष. १९ माणसे गेली, एका प्रामाणिक शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे गेली आणि लोकांचा लसीवरचा विश्वासही डळमळला.

मी स्वतः काय केले?

उपदेश करण्यापूर्वी माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी एम.बी.बी.एस.ला होतो तेव्हा रक्तपेशी मोजण्यासाठी काचेच्या बारीक नळीत रक्त तोंडाने ओढावे लागे. तशीच पद्धत होती. एकदा जरा जोरात ओढले गेले आणि सोबत्याचे रक्त माझ्या तोंडात आले. मी थुंकलो, चूळ भरली आणि कोणाला काही बोललो नाही. मास्तर रागावतील, मुले हसतील, एवढीच भीती. एड्सचे पहिले रुग्ण देशात १९८६ साली सापडले होते, काविळीचा बी विषाणू तर ठाऊकच होता. तरी मी गप्प राहिलो. पुढे कित्येक वर्षांनी तपासणी करून घेतली, ती निर्दोष निघाली. माझे नशीब. पण नशीब म्हणजे काळजी नव्हे. त्या मुलीने मान खाली घातली, तेव्हा मला माझाच चेहरा आठवला.

मामल्याची आठवण

आपल्या जिल्ह्याला जंतूची भीती काय करते, हे वेगळे सांगायला नको. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड तालुक्यातील मामला गावात उंदीर पडू लागले, मग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. पाठोपाठ सुरतची साथ आली आणि बीडचे नाव जगभर गेले. मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले होते. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला गाव विचारले आणि बीड ऐकताच ते उठून पुढे जाऊन बसले.

तो प्लेग होता की नव्हता, यावर बरेच दिवस वाद चालला. उत्तर कशाने मिळाले? प्रयोगशाळेने. बीड आणि सुरत येथील नमुन्यांतून वेगळे केलेल्या जंतूंची जनुकीय तपासणी होऊन ते प्लेगचेच असल्याचे १९९६ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या २००० सालच्या अभ्यासातूनही तेच निघाले. सांगायचे तात्पर्य, जंतू हाताळणारे जाणते हात नसतील, तर अफवाच राज्य करतात. कोरोनाच्या काळात स्वॅबचा अहवाल यायला दिवसच्या दिवस लागत, तेव्हा आपण हे पुन्हा अनुभवले. म्हणून जिल्ह्यातल्या मुलांनी ही विद्या शिकलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा आहे, पण कपाटात

या कामासाठी आपल्या देशात नियम नाहीत, असे नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी नियम निघाले. त्यानुसार जनुकबदलाचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी आणि तिच्यात एक वैद्यकीय जाणकार हवा. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीचीही तरतूद आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ साली सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखान्यांप्रमाणेच शैक्षणिक आणि संशोधन संस्थांनाही लागू आहेत. जंतू वाढवलेला कचरा जागेवरच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत द्यायचा असतो.

यावर काही प्राध्यापक मला म्हणतात, "डॉक्टर, निधी नाही, माणसे नाहीत, आणि तुम्ही समित्या सांगता. मग आम्ही प्रयोगच बंद करतो." त्यांची अडचण खरी आहे. पण माझ्या मते समितीचा अर्थ फायलींचा गठ्ठा नव्हे. वर्षातून काही वेळा चार जाणत्या माणसांनी बसून 'हा जीव कोणता, सांडला तर काय, उरला तर काय' एवढे तीन प्रश्न विचारले, तरी निम्मे काम झाले. आणि प्रयोग बंद करून मुले थांबत नाहीत. डी.एन.ए. टपालाने मिळतो आहे. ती कॉलेजात नाही तर कुठल्या तरी खोलीत करतील. शिस्तीतली प्रयोगशाळा त्यापेक्षा शतपटीने बरी.

दुसऱ्या बाजूने, नियमांचा एवढा बाऊ कशाला, असेही म्हणणारे आहेत. त्यांनी कपाशी आठवावी. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे शेतकऱ्यांनी जाहीरपणे पेरले. त्यामागची शेतकऱ्याची अडचण आणि राग मी समजू शकतो. त्या वादात मी पडत नाही. पण एक गोष्ट सर्वांनाच मान्य व्हावी. जे जनुक शेतात गेले, ते परत बाटलीत भरता येत नाही. म्हणून विचार बाटलीचे बूच काढण्यापूर्वी करायचा असतो.

पालकांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी

१. अ‍ॅप्रन, हातमोजे, प्रयोगाची वही आणि पेन कॉलेजातच ठेवावे. घरी न्यायची टिपणे वेगळ्या वहीत लिहावीत.

२. प्रयोगशाळेत खाणे, पाणी पिणे, मोबाइल हाताळणे बंद. बाहेर पडताना साबणाने हात धुवावेत. तोंडाने पिपेट ओढणे कदापि नको.

३. सांडले तर कागद टाकून त्यावर ताजे ब्लीचचे द्रावण ओतावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग हातमोजे घालून पुसावे. रुमाल वापरू नये.

४. जंतू वाढवलेले काहीही बेसिनमध्ये ओतू नये. आधी ऑटोक्लेव्ह किंवा ब्लीच.

५. गटार, दवाखाना, आजारी जनावर यांचे नमुने शिक्षकांच्या आणि समितीच्या संमतीशिवाय वाढवू नयेत.

६. काम करणाऱ्याला ताप, जुलाब किंवा जखमेला पू झाल्यास डॉक्टरांना प्रयोगशाळेतील कामाविषयी आवर्जून सांगावे. आम्हालाही ते विचारायची सवय नाही. ती आम्ही लावून घेऊ.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे. प्रयोगशाळेत एक नोंदवही ठेवावी. काय सांडले, काय फुटले, कोणाला टोचले, हे तारखेसह लिहावे. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, न लिहिणाऱ्याला मात्र जाब. एवढा एक नियम पाळला, तर बाकीचे सहा आपोआप पाळले जातील.

त्या शेतकरी बांधवांना माझे उत्तर असे. मुलीला काढून घेऊ नका. जिच्या मनात 'माझ्यामुळे तर नाही ना' ही शंका आली, तीच मुलगी या कामाला योग्य आहे. ज्याला ही शंका कधी येत नाही, त्याच्या हाती फ्लास्क देताना मात्र दहा वेळा विचार करावा. तिने आता सरांना सगळे सांगितले आहे आणि सर रागावले नाहीत, असे परवा कळले. प्रयोगशाळेत नोंदवही आली आहे. पहिली नोंद तिच्याच हस्ताक्षरात आहे.

जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाला अशा समितीसाठी डॉक्टर मिळत नसेल, तर मला निरोप पाठवावा. दुपारी दवाखाना बंद असतो, तेवढा वेळ माझ्याकडे आहे.